शेळीच्या उवा आणि लेकीच्या वेण्या

पौष महिना लागला की आमच्या शहादा तालुक्यात सकाळी उशिरापर्यंत कुणी अंगणात उतरत नाही. उत्तरेला सातपुडा उभा आहे, तिकडून गार वारा खाली येतो. वर तोरणमाळ, डाबकडे तर काही वर्षी गवतावरचं दवसुद्धा गोठतं. माणसं शेकोटीला बसतात आणि शेळ्या एकमेकींना खेटून बसतात. त्या खेटून बसण्यात ऊब आहे, पण त्यातच एक दुखणंही वाढतं. ते दुखणं म्हणजे उवा.

शेळीच्या आजारांबद्दल पुष्कळ लिहून येतं. लाळ्या-खुरकूत, आंत्रविषार, जंत, पोटफुगी. उवांबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. उवा म्हणजे काही मोठा आजार नव्हे, असं आपण धरून चालतो. शिवाय आपल्या घरच्या जनावराला उवा झाल्या, हे सांगायला बाईमाणसाला थोडी लाजही वाटते. स्वच्छता नाही म्हणून झाल्या, असं लोक म्हणतील. म्हणून आज मुद्दाम लिहायला बसले आहे.

शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते खोटं नाही. २०१९ सालच्या पशुगणनेत देशात जवळजवळ पंधरा कोटी शेळ्या मोजल्या गेल्या, आपल्या महाराष्ट्रात एक कोटीच्या वर. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांपासून ते तापीकाठच्या गावांपर्यंत, चार-दोन शेळ्या नाहीत असं घर शोधावं लागेल. दवाखान्याचा खर्च आला, शाळेची वह्या-पुस्तकं आली, पाहुणा आला, की हात शेळीकडेच जातो. तेव्हा शेळीच्या अंगावरची ऊ ही नुसती शेळीची खाज नाही. ती आपल्या गाठीच्या पैशाला लागलेली कीड आहे.

आमच्याकडे घरच्या चार शेळ्या. त्यातली चांदी ही माझ्या धाकटीची. चांदीची आई विताना गेली. तेव्हा ओल्या अंगाचं ते करडू धाकटीनं फडक्यात गुंडाळलं आणि बाटलीनं दूध पाजून वाढवलं. आता चांदी चांगली पाट झाली आहे. रंग पांढरा शुभ्र, सुरती वळणाची, कान खाली पडलेले. धाकटी चौथीत आहे. शाळेतून आली की दप्तर एकीकडे आणि ही चांदीच्या गळ्यात. अभ्याससुद्धा तिच्या पाठीला टेकून चालतो.

याशिवाय गेल्या दिवाळीनंतर तीन शेळ्या आणि दोन करडं आमच्याकडे आली ती अर्धेलीनं. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. अंगणाला कुलूप, लेकरं बरोबर, आणि जनावरं कुणाच्या तरी भरवशावर. तळोद्याकडचं असंच एक कुटुंब आमच्या ओळखीचं. जाताना ती बाई म्हणाली, "ताई, या तीन तुमच्या वाड्यात राहू द्या. जी करडं होतील ती निम्मी तुमची, निम्मी आमची." मी हो म्हटलं. दुसऱ्याचं जनावर सांभाळायचं म्हणजे जोखीम असते. आपलं मेलं तर आपण रडून मोकळं होतो. दुसऱ्याचं मेलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

मार्गशीर्ष सरता सरता त्या तिघींपैकी एक तांबडी शेळी खांबाला अंग घासू लागली. मग दुसरी. मग माझ्या घरच्याही. शेळ्या मान वळवून स्वतःच्याच अंगाला चावत, मागच्या पायानं मान खाजवत. अंगावरची चमक गेली, केस पिंजल्यासारखे झाले, पाठीवर कोंडा दिसू लागला. दूध पावशेरानं कमी झालं. तांबडीचं एक करडू तर अगदी मलूल पडलं.

आमच्या माहेरी शेळ्यांचा मोठा कळप होता. वडिलांनी एक सवय लावलेली आहे. शेळी खाजवायला लागली की तिला उन्हात उभी करायची आणि केस भांग पाडल्यासारखे दुभंगून कातडी पाहायची. तसं पाहिलं. मानेवर, कानांच्या मागे, पाठीच्या कण्यावर, काखेत, मांडीच्या आत आणि शेपटीच्या बुडाशी तीळभर आकाराचे जीव हलत होते. आणि केसांना, अगदी बुडाजवळ, खसखशीच्या दाण्यांसारख्या लिखा चिकटलेल्या. तांबडीवर त्या लगेच दिसल्या. चांदीच्या पांढऱ्या केसांवर पांढऱ्या लिखा दिसेनात. तेव्हा केसांची एक बट काळ्या फडक्यावर धरली. मग दिसल्या.

कोंडा आणि लीख यांत गफलत होते. त्याची खूण सोपी आहे. बोटानं टिचकी मारली की कोंडा उडतो. लीख उडत नाही. ती केसाला एका बाजूनं डिंकानं चिकटवल्यासारखी घट्ट बसलेली असते आणि नखाच्या चिमटीत धरून ओढावी लागते.

त्याच आठवड्यात शाळेतून निरोप आला की तुमच्या मुलीच्या डोक्यात उवा आहेत, साफ करून पाठवा. झालं! सासूबाईंनी दोन आणि दोन चार केले. आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या, घरात त्यांचा शब्द चालतो, आणि त्यांनी आयुष्यभर जनावरं पाहिलेली आहेत. त्या ओट्यावरूनच म्हणाल्या, "पोरना डोकामा उवा उन्यात. त्या बकरीले इकी टाका." पोरगी दिवसभर बकरीच्या गळ्यात, तेव्हा उवा तिथूनच आल्या, यात त्यांना काही शंकाच नव्हती. येत्या बाजारी चांदीला न्यायचं, असं ठरल्यासारखंच झालं. धाकटीनं त्या रात्री भाकरीला हात लावला नाही. वाड्यात जाऊन चांदीजवळ बसली. तिला उठवायला गेले तर म्हणाली, "आई, माझे केस कापून टाक. पण हिला विकू नका."

मी सासूबाईंना उलटून बोलले नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. नातीच्या काळजीपोटीच बोलत होत्या. एवढंच म्हटलं, "बाजाराला अजून पाच दिवस आहेत. तोवर गुरांच्या डॉक्टरांना दाखवू या. आणि अशा खंगलेल्या शेळीला भाव तरी कोण देणार?" हे शेवटचं वाक्य त्यांना पटलं.

पाच दिवसांत गल्लीतून जे जे उपाय आले ते सांगते, कारण ते तुमच्याही गल्लीत असतील.

एकानं सांगितलं, कपाशीवर मारतो ते औषध थोडं पाण्यात घालून अंगावर ओता. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कारण आमच्याच गावात एका घरी हा प्रकार झाला होता. औषध ओतल्यावर तासाभरात करडांच्या तोंडाला फेस आला, पाय थरथरू लागले, आणि डॉक्टर येईपर्यंत दोन करडं आडवी झाली. पिकावरची विषं कातडीतून अंगात उतरतात, आणि शेळी अंग चाटते तेव्हा पोटातही जातात. जनावराच्या आणि पिकाच्या औषधाचं नाव कधी कधी एकच असतं, सायपरमेथ्रिनसारखं. पण त्याची तीव्रता वेगळी, त्यात मिसळलेले द्रव वेगळे. नाव एक म्हणून औषध एक असं होत नाही. कधी चुकून असा प्रसंग आलाच, तर जनावराला साबणाच्या पाण्यानं भराभर धुवा आणि औषधाची बाटली हातात घेऊन डॉक्टर गाठा. कोणतं विष आहे हे कळलं तर उतारा लवकर देता येतो.

दुसरीनं रॉकेल सांगितलं. रॉकेलनं कातडी भाजते, फोड येतात, आणि शेजारी चूल असेल तर आगीचं भय. तिसऱ्यानं तंबाखूचा काढा सांगितला. तंबाखू ऊ मारते खरी, पण ती शेळीलाही मारू शकते. सीताफळाच्या बियांची पूड तर आमच्या सातपुड्याच्या कुशीत घरोघर ठाऊक. तिनं उवा मरतात, हेही खरं. पण ती पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याच्या बुबुळाला इजा होते. दिवसेंदिवस डोळा उघडत नाही. शेळी अंग झाडते आणि पूड उडते, ती आपल्याच डोळ्यांत. लेकरांच्या डोक्याला तर ही पूड लावूच नये.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी गॅमेक्सीनची पावडर चोळत." खरं आहे. पूर्वी ती सर्रास मिळे. पण ते बीएचसी नावाचं विष जमिनीत आणि दुधात वर्षानुवर्षं टिकून राहतं, म्हणून १९९७ साली आपल्या देशात त्यावर बंदी आली. पुढे त्याच कुळातलं लिंडेनही बंद झालं. कुणाच्या फडताळात जुनी पुडी राहिली असेल, तर ती वापरू नका.

चौथ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी शेळ्या पाहिल्या, आणि मग सासूबाईंचं म्हणणं ऐकून घेतलं. ते हसले नाहीत. ते म्हणाले, "आजी, आपण दोन्ही चोर शेजारी शेजारी उभे करून पाहू." त्यांनी मला एक पांढरा कागद आणायला लावला. धाकटीच्या डोक्यातली एक ऊ फणीनं काढून कागदाच्या एका बाजूला ठेवली. शेळ्यांच्या अंगावरच्या दोन-तीन काढून दुसऱ्या बाजूला. वर चिकटपट्टी लावली आणि पिशवीतलं भिंग सासूबाईंच्या हातात दिलं.

सासूबाईंनी खूप वेळ पाहिलं. धाकटीच्या डोक्यातली ऊ लांबट, राखी रंगाची, आकारानं मोठी. शेळीची एक ऊ पिवळसर, बुटकी, आणि तिचं डोकं छातीपेक्षा रुंद. शेळीची दुसरी निळसर करडी, तिचं डोकं निमुळतं. तिन्ही वेगळ्या. एक दुसरीची बहीण नाही, हे भिंगाशिवायही समजावं इतक्या वेगळ्या.

डॉक्टर म्हणाले, "आजी, देवानं प्रत्येक उवेला तिचं घर नेमून दिलंय. शेळीची ऊ शेळीवरच जगते. माणसाच्या अंगावर एखादी चढली तरी तिथं तिचं भागत नाही, तिचा वंश वाढत नाही. आणि माणसाच्या डोक्यातली ऊ माणसाच्याच डोक्यातून येते. पोरी शाळेत डोक्याला डोकं लावून बसतात, तिथून आली."

सासूबाईंनी भिंग खाली ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हंजे चोर सोडून संन्याशालाच फाशी होत होती." एवढंच. पण त्यानंतर बाजाराचा विषय घरात निघाला नाही.

मात्र डॉक्टरांनी एक इशाराही दिला. उवा लागत नाहीत, म्हणून जनावराचं काहीच माणसाला लागत नाही असं समजू नका. शेळीला खरूज झाली, म्हणजे कातडी जाड होऊन खपल्या धरल्या, तर त्या खरजेचे बारीक किडे माणसाच्या अंगावर येऊन काही दिवस खाज आणू शकतात. तेव्हा अशा शेळीपासून लेकरांना दूर ठेवा आणि तिला आधी दाखवा.

आता उवांचं जीवन कसं असतं ते समजून घ्या, म्हणजे औषध का फुकट जातं ते कळेल.

शेळीवर दोन प्रकारच्या उवा असतात. पहिली चावणारी. ती रक्त पीत नाही, कातडीवरचा कोंडा नि मळ खाते. पण तिच्या फिरण्यानं शेळीला भयंकर खाज सुटते. दुसरी रक्त पिणारी. ती फार झाली तर शेळी, आणि विशेषतः करडू, पांढरं पडतं. करडाच्या डोळ्याची खालची पापणी उलटून पाहावी. आतून लाल-गुलाबी असेल तर ठीक. फिकी, पांढरट असेल तर रक्त कमी झालं आहे. मात्र रक्त कमी होण्याचं दुसरं मोठं कारण पोटातले जंत. म्हणून नुसत्या उवांवर दोष टाकून बसू नये, लेंडीही तपासून घ्यावी. आमच्या मलूल करडाला दोन्ही होतं.

उवेचा सगळा जन्म शेळीच्या अंगावरच जातो. मादी केसाच्या बुडाशी अंडं घालते आणि आपल्या अंगातल्या चिकट रसानं ते केसाला जखडून टाकते. हीच लीख. नऊ-दहा दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत ती फुटते, पिल्लू बाहेर येतं, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तेही अंडी घालायला लागतं. शेळीच्या अंगावरून खाली पडलेली ऊ मात्र फार दिवस जगत नाही. साधारण आठवडाभरात संपते.

यातली मेख अशी की बहुतेक औषधं उवा मारतात, पण लिखेच्या आत पोचत नाहीत. औषध लावलं, उवा मेल्या, शेळी चार दिवस शांत झाली, आपण निर्धास्त झालो. इकडे लिखा आपल्या वेळेला फुटल्या आणि महिन्यात पुन्हा पहिले पाढे. मग आपण म्हणतो, औषध खोटं. औषध खोटं नसतं, ते एकदाच लावलेलं असतं. म्हणून पहिल्या दिवसानंतर चौदाव्या दिवशी पुन्हा औषध लावायचंच, शेळी कितीही बरी दिसली तरी. तोवर बहुतेक लिखा फुटलेल्या असतात आणि नव्या पिलांनी अजून अंडी घातलेली नसतात. त्या मधल्या फटीत त्यांना गाठायचं.

डॉक्टरांनी आम्हाला जनावरासाठीचं डेल्टामेथ्रिनचं औषध दिलं. अमिट्राझ, सायपरमेथ्रिन अशीही औषधं असतात. आयव्हरमेक्टिनच्या टोचणीबद्दल मी विचारलं, कारण गावात सगळे तीच मागतात. ते म्हणाले, रक्त पिणाऱ्या उवेला ती लागू पडते, कारण औषध रक्तात असतं. पण कोंडा खाणाऱ्या उवेवर तिचा भरवसा नाही. तुमच्या शेळ्यांवर दोन्ही आहेत, तेव्हा अंगावरचंच औषध हवं. प्रमाण मी इथं लिहीत नाही. प्रत्येक बाटलीची तीव्रता वेगळी असते. आपल्या डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, मापानं घालावं, अंदाजानं ओतू नये.

औषधाच्या दिवसाचा आमचा क्रम असा होता. थंडी म्हणून सकाळी नाही, भर दुपारी उन्हात. आधी शेळ्यांना पोटभर चारा-पाणी दिलं, म्हणजे त्या अंग चाटत बसत नाहीत आणि औषधाच्या बादलीत तोंड घालत नाहीत. मी हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं. यांनी शेळी धरली. डोळे, तोंड, नाक आणि जखमा टाळून, केस उलटे करत मी सगळं अंग भिजवलं. कानांच्या मागे, काखेत, शेपटीखाली विशेष. लहान करडांना फवारा मारायचा नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेल्या कमी प्रमाणात फडकं बुडवून, घट्ट पिळून, त्यांना उन्हात पुसून घेतलं. आचळं नंतर साबणानं धुतली, आणि त्यांनी सांगितले तितके दिवस ते दूध माणसासाठी वापरलं नाही. उरलेलं औषधाचं पाणी ओढ्यात न टाकता, विहिरीपासून लांब खड्ड्यात ओतून बुजवलं.

सातही शेळ्या आणि दोन्ही करडं एकाच दिवशी. हे फार महत्त्वाचं. ज्या खाजवतात त्यांनाच औषध लावलं, तर ज्या खाजवत नाहीत त्यांच्या अंगावर बीज शिल्लक राहतं. शेजारच्या दोन घरच्या शेळ्या आमच्याबरोबर चरायला जातात. त्यांनाही मी आदल्या दिवशी जाऊन सांगितलं. एक घर तयार झालं. दुसरं म्हणालं, आमच्या शेळ्यांना काही नाही. मी त्यांच्या अंगणात त्यांच्या शेळीचे केस दुभंगून दाखवले. मग तेही आले.

आता लिखा काढण्याचं काम. मोठ्या कळपाला एक एक लीख काढणं कुणालाच शक्य नाही, आणि चौदाव्या दिवशीचं औषध चुकवलं नाही तर त्याची गरजही नाही. पण घरात दोन-चारच शेळ्या असतील, किंवा चांदीसारखी लेकराच्या अंगाखांद्यावर वाढलेली असेल, तर हे काम करण्यासारखं आहे. लिखा जितक्या कमी, तितका पुढचा त्रास कमी.

आधी जिथं लिखा दाट आहेत तिथले केस कात्रीनं आखूड केले, विशेषतः मानेखाली आणि मांडीवर. अंगावर अगदी थोडे केस ठेवून. थंडीत शेळी उघडी करायची नाही. कापलेले केस चुलीत जाळले. मग दुपारी कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं अंग धुतलं आणि ओल्या केसांत दाट दातांची फणी बुडापासून टोकाकडे ओढत नेली. लिखेचा डिंक विरघळवणारं खात्रीचं औषध घरात काही नाही. कुणी आंबट लावा म्हणतात, कुणी मीठ. खरं काम करते ती फणी आणि धीर. फणीचे दात दर वेळी उकळत्या पाण्यात बुडवायचे. करंजाचं तेल हाताला लावून केसांवरून फिरवलं तर फणी सुरळीत जाते आणि काही उवाही गुदमरतात. कडुलिंबाच्या तेलाचंही तसंच. पण तेलावर सगळी मदार ठेवू नये. धुतल्यावर शेळी लगेच कोरडी पुसून उन्हात बांधावी, नाहीतर उवा जायच्या आणि सर्दी यायची.

चांदीला पाऊण तास लागला. धाकटी फणी धरून बसली होती. चांदी मान तिच्या मांडीवर टाकून डोळे मिटून राहिली, जणू वेणी घालून घेते आहे.

वाड्याची सफाईही त्याच दिवशी. जुनं अंथरलेलं पाचट उकिरड्यात दाबलं, भिंती झाडल्या, खांब धुतले, दोर उन्हात टाकले. औषध लावलेल्या शेळ्या झाडलेल्या जागेतच परत घ्यायच्या. आणि ज्या फणीनं शेळी विंचरली ती माणसाच्या डोक्याला लावायची नाही; उवा लागतील म्हणून नव्हे, औषध आणि घाण लागेल म्हणून.

राहिली धाकटी. तिचा इलाज वेगळा, पण सूत्र तेच. दवाखान्यातून माणसाच्या डोक्याचं परमेथ्रिनचं औषध आणलं. जनावराचं औषध माणसाच्या डोक्याला कधीही लावू नये. घरातल्या सगळ्यांची डोकी पाहिली. माझ्या मोठीच्याही डोक्यात निघाल्या. केस ओले करून, तेल लावून दर दोन-तीन दिवसांनी फणी, आणि नऊ दिवसांनी पुन्हा औषध, कारण माणसाच्या उवेची लीख आठवडा-दहा दिवसांत फुटते. पण एकट्या आमच्या घरानं करून काय होणार? धाकटीबरोबर बसणाऱ्या पाच मुलींच्या आयांकडे मी गेले. पहिल्यांदा दोघींना राग आला. मी म्हटलं, "तुमच्या मुलीनं दिल्या म्हणत नाही. माझ्या मुलीच्या डोक्यात आहेत, तुमच्याही मुलीचं डोकं पाहून घ्या." मग एका रविवारी आमच्याच ओट्यावर सहा पोरी ओळीनं बसल्या आणि सासूबाई फणी घेऊन त्यांच्या मागे. त्यांच्यासारखी फणी गावात कुणाची चालत नाही.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी दोन खुणा केल्या होत्या. लाल खूण शेळ्यांच्या चौदाव्या दिवसाची, निळी पोरींच्या नवव्या दिवसाची. चौदाव्या दिवशी शेळ्या अगदी शांत होत्या. हे म्हणाले, "आता कशाला? बऱ्या झाल्यात की." मी केस दुभंगून दाखवले. तांबडीच्या काखेत पिठाच्या कणाएवढी नवी पिलं फिरत होती. मग ते काही न बोलता बादली भरायला उठले. त्यानंतर महिनाभर मी दर आठवड्याला पाहत होते. पुन्हा काही सापडलं नाही. मलूल करडाला जंताचं औषध झालं, त्याची पापणी हळूहळू लाल झाली, आणि माघात ते इतर करडाबरोबर उड्या मारायला लागलं. दूधही पूर्वीवर आलं.

डॉक्टर वेळेवर मिळत नाहीत, ही आपली सगळ्यांची अडचण. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून पाहावा; गुरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी तो क्रमांक आहे. आणि नवीन शेळी आणली, मग ती विकतची असो की अर्धेलीची, तर तिला दोन-तीन आठवडे वेगळी बांधावी, दिवसाउजेडी केस दुभंगून पाहावं, आणि मगच कळपात सोडावी. थंडीच्या तोंडावर घरच्या शेळ्याही एकदा पाहून घ्याव्यात. शेळीचं पोट भरलेलं असलं, तिला ऊन मिळालं आणि वाड्यात दाटी नसली, तर उवांचं फार चालत नाही. खंगलेल्या शेळीवर त्या जोर करतात.

चैत्रात ऊसतोडीची माणसं परत आली. ती तळोद्याची बाई शेळ्या न्यायला आली तेव्हा मी तिला उवांचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण तेवढ्यावर ती थांबली नाही. तांबडीला उन्हात ओढून तिनं स्वतः मानेवरचे, कानामागचे, काखेतले केस दुभंगून पाहिले, करडांच्या पापण्या उलटून पाहिल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. जनावर असं पाहणाऱ्या बाईच्या घरी ते सुखात राहतं. मग ठरल्याप्रमाणे वाटणी झाली. दोघींना मिळून तीन नवी करडं झाली होती. दीड दीड कसं करायचं, यावर आम्ही दोघी हसलो, आणि तिसरं करडू पुढच्या दिवाळीपर्यंत आमच्याकडेच राहील, विकल्यावर पैसे निम्मे, असं ठरलं.